‘सवेंचि’ म्हणजे लगेच?



आमच्या गावच्या देवळात दर श्रावणात ज्ञानेश्वरीचे पारायण असते. व्यासपीठावरून ओवी म्हणायची, समोर बसलेल्यांनी आपापल्या पोथीत बोट ठेवून ती म्हणायची, आणि दुपारच्या विसाव्यात कोणाला काही अडले असेल तर जवळच्या जाणत्याला विचारायचे, अशी जुनी रीत आहे. यंदा माझ्या शेजारी आठवीतला एक मुलगा बसत असे. आवाज खणखणीत, पण प्रत्येक ओवीत दोन ठिकाणी अडखळणार. एका दुपारी त्याने विचारले, “आबा, सवेंचि म्हणजे काय?” मी तांब्या तोंडाला लावता लावताच सांगून टाकले, “लगेच.” तो “बरं” म्हणाला आणि पोथीच्या कडेला पेन्सिलीने लिहूनही घेतले.

संध्याकाळी हरिपाठाला उभा राहिलो आणि तो शब्द मला बोचू लागला. चाळीस वर्षे मी हा अर्थ सांगत आलो आहे. माझ्या गुरुस्थानी असलेल्यांनी तो मला सांगितला होता. तो चूक आहे असेही नाही. मग बोचते काय? ते शोधता शोधता जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो. हा शब्दांचा विचार आहे, तेव्हा थोडा धीर धरावा.

‘सवें’ म्हणजे सोबत, बरोबर. आजही जुनी माणसे ‘त्याच्या सवे गेला’ म्हणतात. त्याला ‘चि’ लागले की ‘सोबतच’. कथेच्या ओघात या सोबतचपणाला ‘लगेच’ची छटा येते, हे खरे आहे. एकाने बाण सोडला आणि सवेंचि दुसऱ्याने तो तोडला, असे असेल तर ‘लगेच’ म्हणण्याने काही बिघडत नाही. पण वाचकहो, ‘लगेच’ या शब्दात दोन क्षण असतात. आधी एक गोष्ट होते, मग दुसरी. मधले अंतर कितीही बारीक असो, ते असतेच. ‘सोबत’मध्ये ते अंतरच नाही. बाणाच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक आहे. स्मरण आणि कर्म, देव आणि भक्त, नाम आणि नामी यांच्याविषयी ओवी बोलत असेल तेव्हा मात्र तो क्षुल्लक राहत नाही. तिथे ‘लगेच’ म्हटले की आपण नकळत मध्ये एक फट ठेवतो.

हाच प्रकार ‘सरिसा’ या शब्दाचा. हा प्राकृतातून आला. संस्कृतातला ‘सदृश’ प्राकृतात ‘सरिस’ झाला. म्हणजे मुळात त्याचा अर्थ सारखा, बरोबरीचा. जो बरोबरीचा तो बाजूला उभा राहतो, जो बाजूला उभा तो बरोबर चालतो, आणि जो बरोबर चालतो तो त्याच वेळी पोचतो. अशा वाटेने हा शब्द काळाचा शब्द झाला. आपण ‘झटक्यासरशी’, ‘एका घावासरशी’, ‘हातासरशी’ म्हणतो, तिथे तो अजून जिवंत आहे. ‘जाता जाता हातासरशी एवढे काम उरकून टाक’ असे घरात रोज बोलले जाते. पाहा, हातात घड्याळ नसलेल्या माणसांनी एकाच वेळचेपण कशावरून मोजले? शेजारावरून. कोण कोणाबरोबर आहे, यावरून.

संस्कृतात तरी वेगळे काय आहे? गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकात संजय विश्वरूपाचे तेज सांगतो. आकाशात हजार सूर्य एकदम उगवले तर कदाचित त्या तेजाची बरोबरी होईल, असा त्याचा भाव आहे. ‘एकदम’साठी तिथे शब्द आहे ‘युगपत्’. युग म्हणजे जू. एका जुवाखाली आलेले, ते युगपत्. ज्याने बैल जुंपले आहेत त्याला याहून अधिक समजावून सांगायला नको. दोन बैलांचे पाऊल एका वेळी पडते, कारण मानेवर जू एक आहे.

आता माउलींनी या श्लोकावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. हजार सूर्यांकडे येण्याआधी ते कल्पांताचे चित्र उभे करतात, आणि तिथे बारा आदित्यांचा ‘मेळावा’ भरवतात. मग हजार सूर्य येतात, ते एकाच ‘अवसरी’. पुढे साऱ्या विजाही गोळा होतात. ‘मेळावा’ हा शब्द काळाचा आहे का? मुळीच नाही. तो माणसांचा शब्द आहे, जत्रेचा, भेटीचा. सूर्य एका वेळी उगवले एवढे सांगून माउलींचे समाधान होत नाही, ते एकमेकांना भेटले पाहिजेत. ‘अवसर’ही नुसती घटका नव्हे. त्यात प्रसंग आहे, वाव आहे, आत यायला जागा आहे. ‘युगपत्’ या एका शब्दाचे त्यांनी आधी मेळावा आणि मग अवसर असे दोन शब्द करून दिले. अर्थ मात्र पातळ झाला नाही. आपण त्यावर ‘एकाच वेळी’ असे लिहितो आणि मेळावा मोडून टाकतो.

कोणी म्हणेल, बुवा, हा शब्दांचा कीस काढून वारकऱ्याला काय मिळणार? त्याला नाम घ्यायचे आहे. खरे आहे. म्हणूनच सांगतो.

आठव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की सर्व काळी माझे स्मरण ठेव आणि युद्ध कर. मराठीत हे वाक्य असे ‘आणि’ घालून सांगितले की काय होते? ‘जेवून घे आणि शेतावर जा’ या वाक्यात दोन कामे एकापाठोपाठ आहेत. ‘स्मरण कर आणि लढ’ हेही कानाला तसेच लागते. आधी स्मरण, मग लढाई. भगवंतांनी ‘सर्व काळी’ म्हटले आहे, म्हणजे लढाईचा काळही त्यातच आला. मराठीत तो भाव नेमका आणायचा तर ‘स्मरण करीत लढ’ म्हणावे लागेल. हा छोटासा ‘-त’, ‘-ता’, ‘-ताना’ हा आपल्या भाषेचा फार मोठा ठेवा आहे. व्याकरणवाले त्याला धातुसाधित म्हणतात. करता करता, चालताना, बोलत. संतांच्या वाणीत हा प्रत्यय पदोपदी येतो, कारण संन्यास घेऊन रानात जा असे त्यांना कोणाला सांगायचे नव्हते. ज्याला मडकी घडवायची आहेत, मळा शिंपायचा आहे, जाते ओढायचे आहे, त्याला ते सांगत होते. त्यांच्याजवळ हा ‘-ता’ नसता तर त्यांना ‘मग’ म्हणावे लागले असते. आणि वाचकहो, आपण सगळे त्या ‘मग’मध्ये अडकलो आहोत. मुलांची लग्ने होऊ देत, मग माळ घालू. सेवानिवृत्ती होऊ दे, मग वारी धरू. एवढे काम आटोपले की लगेच नाम घेतो. ‘लगेच’ हा शब्द किती तत्पर वाटतो! त्या लगेचमध्ये आयुष्य संपते.

इथे एक अडचण लपवून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. करता करता स्मरण, असे आपण सहज म्हणतो, पण गोरोबाकाकांचे काय? तेरच्या त्या कुंभाराची कथा आपणा सर्वांना पाठ आहे. माती तुडवताना काका नामात रंगले, रांगत आलेले मूल पायाखाली गेले, त्यांना कळले नाही. पुढे पांडुरंगाच्या कृपेने ते मूल परत मिळाले, अशी परंपरा आहे. कीर्तनात आपण तल्लीनतेचे कौतुक करतो आणि घाईघाईने चमत्काराकडे जातो. मी त्या चिखलापाशी थांबतो. दरवेळी थांबतो. त्या माउलीने, मुलाच्या आईने, जे पाहिले ते आपण कीर्तनात एका वाक्यात उरकतो, ते मला आता जमत नाही.

पाय मातीत होते आणि मन पांडुरंगात होते. वेळ एकच होती. पण पाय मनाच्या सोबत नव्हते आणि मन पायांच्या सोबत नव्हते. दोन गोष्टी एका वेळी घडणे निराळे आणि एकमेकींच्या सवे घडणे निराळे, हा भेद मला या कथेने जितका शिकवला तितका कोणत्या कोशाने शिकवला नाही. आता जनाबाईंकडे पाहा. तिथेही काम आहे, कष्टाचे आहे. पण परंपरा सांगते की जात्यापाशी देव स्वतः येऊन बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला. जनाबाईंचे मन दळण सोडून देवाकडे गेले नाही, देवच दळणात आला. खुंटा एक, हात दोघांचे. या जागी ‘सवेंचि’ शोभतो. गोरोबाकाकांना कमी लेखण्याचा माझा अधिकार नाही. संतमंडळीत ज्यांनी थापटणे हाती घेऊन कोण कच्चा कोण पक्का हे ठरवले, त्यांचे मडके मी काय तपासणार? मी शब्दाचा अर्थ शोधतो आहे, आणि तो मला या दोन कथांच्या मधल्या जागेत सापडतो. ज्येष्ठांना हे पटले नाही तर त्यांनी माझा कान धरावा.

माउलींनी हा भेद अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे एका प्रसंगात दाखवून ठेवला आहे. सगळा उपदेश झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला उराशी धरतात. हे आलिंगन मूळ गीतेत नाही, ते माउलींचे आहे. या हृदयातले त्या हृदयात जाते. दिव्याने दिवा लागावा तसे होते. आणि दोघांचे दोनपण मोडत नाही. ते न मोडताच देव अर्जुनाला आपल्यासारखा करतो. इथे ‘आधी द्वैत गेले, लगेच ऐक्य झाले’ असा अर्थ कोणी सांगितला तर सारा प्रसंग वाया गेला. दोनपण आहे, आणि ते असतानाच एकपण आहे. अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती यांच्याविषयी बोलताना हेच अधिक उघड होते. फुले दोन पण गंध एक, दिवे दोन पण प्रकाश एक, ओठ दोन पण बोल एक, डोळे दोन पण दृष्टी एक, अशा दाखल्यांची तिथे रांगच आहे. दोन ओठांपैकी आधी कोणता बोलला, असे विचारून पाहा. प्रश्नच हास्यास्पद होतो.

‘सहज’ हा शब्दही या घराण्यातला. सह म्हणजे सोबत, ज म्हणजे जन्मलेले. जे आपल्याबरोबरच जन्माला आले ते सहज. नाथपंथात आणि आपल्या संप्रदायात सहजस्थितीला किती मोठे स्थान आहे हे आपण जाणता. आज आपण ‘सहज आलो होतो, काही काम नव्हते’ असे म्हणतो. असो.

त्याहून अधिक त्रास मला ‘समकालीन’ या शब्दाचा होतो. संतांवरच्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो भेटतो. ज्ञानदेव आणि नामदेव समकालीन, सावता महाराज समकालीन, चोखोबा समकालीन. सनावळी मला मान्य आहे, ती हवीच. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली पूर्ण झाली. सावता महाराजांची समाधी 1295 ची, माउलींची 1296 ची. नामदेवराय त्यानंतर अर्धशतकाहून अधिक राहिले आणि 1350 साली पांडुरंगाच्या महाद्वारी पायरीशी विसावले. या वर्षांवरून अभ्यासकांनी वाद केले, ज्ञानेश्वर एक की दोन इथपर्यंत वाद केले, आणि त्यातून काही गोष्टी स्वच्छही झाल्या. पण ‘समकालीन’ एवढेच सांगतो की दोघे एका काळात श्वास घेत होते. एका गल्लीतले, एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन भाऊही समकालीन असतात. ज्ञानदेव-नामदेवांना हा शब्द अपुरा आहे. ते तीर्थयात्रेला एकत्र गेले, एकमेकांची वाट पाहत राहिले, एकाच्या समाधीचा शोक दुसऱ्याने केला. त्यांना समकालीन म्हणणे म्हणजे दिंडीला गर्दी म्हणण्यासारखे आहे.

उलट बाजूही पाहा. माउली आणि तुकोबाराय यांच्यामध्ये साडेतीनशे वर्षे आहेत. कोणत्याही हिशेबाने ते समकालीन नाहीत. तरी ‘ज्ञानबा-तुकाराम’ हे दोन्ही शब्द आपण एका श्वासात म्हणतो, एका ठेक्यावर पाऊल टाकत म्हणतो. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास पालखी सुरू केली तेव्हा देहूच्या पादुका आळंदीला नेऊन, दोघांच्या पादुका एकाच पालखीत घालून ते पंढरीला निघाले, असे सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा केला, वाटा दोन झाल्या. पण आपण म्हणताना नावे वेगळी केली नाहीत. टाळ वाजतो तेव्हा मात्रांची जी पहिली जागा असते तिला ‘सम’ म्हणतात. मृदंग कुठेही फिरून येवो, चाल कुठेही चढो, समेवर सगळ्यांनी भेटायचे. वाखरीत दशमीला असेच होते. कोणी महिनाभर चालून आलेला असतो, कोणी आठ दिवस. मुक्ताबाईंची पालखी खानदेशातून येते, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वराहून, नाथमहाराजांची पैठणहून. निघण्याची तिथी एक नाही, वाट एक नाही, शतकही एक नाही. तिथे कोणाच्या तोंडी ‘समकालीन’ येत नाही. ‘भेट’ हा शब्द येतो. संतांची भेट.

आता थोडे घरचे सांगतो. माझ्या आईने एकोणीस वाऱ्या पायी केल्या. मग गुडघे गेले. शेवटची सहा वर्षे ती घरीच होती. चुलीशेजारच्या भिंतीवर तिने पालखीच्या मुक्कामांचा कागद डकवला होता आणि त्या दिवसांत ती आमच्याशी त्याच कागदावरून बोलत असे. “आज दिवेघाट आहे, पाऊस नको यायला.” “आज वाल्हे. उद्या नीरास्नान.” एके दिवशी दुपारी भाजी निवडता निवडता तिने हात जोडले आणि म्हणाली, “चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण झालं.” मी दूरदर्शनसंच लावून बसलो होतो. तिथे तर अजून अश्व यायचे होते. मी हसून म्हणालो, “आई, अजून नाही झालं. तू पुढं गेलीस.” ती म्हणाली, “तू बघतोयस. मी चालतेय.”

मी तेव्हा ते हसण्यावारी नेले. त्या वर्षी माझी चूक दाखवून द्यायला मला कोणतीही पोथी सुचली नाही, उलट तिचीच वेळ चुकली असे मी चार जणांना सांगितले. पुढच्या वैशाखात ती गेली. थेट प्रक्षेपण हा आताच्या काळातला एकाच वेळेचा मोठा शब्द आहे, आणि आषाढीची महापूजा घरबसल्या डोळ्यांनी दिसते ही काही लहान गोष्ट नाही. आजारी माणसाला तो आधार आहे. पण माझ्या खुर्चीत आणि त्या रिंगणात वेळ अगदी एक होती, आणि सोबत काडीचीही नव्हती. तिची वेळ चुकली होती. ती सोबत होती.

कोशकारांनी, सार्थ प्रती सिद्ध करणाऱ्यांनी आणि आम्हा पारायण सांगणाऱ्यांनी हा विचार करावा, अशी विनंती आहे. ‘सवेंचि’, ‘सरिसें’ असे शब्द आले की डोळे मिटून ‘लगेच’ लिहू नये. आधी पाहावे, कोण कोणाच्या सवे आहे. बाण असेल तर लगेच म्हणा. देव असेल तर थांबा.

दुसऱ्या दिवशी विसाव्यात मी त्या मुलाला जवळ बोलावले. म्हटले, “काल सांगितलेलं खोडून टाक. सवेंचि म्हणजे सोबतच.” त्याने खोडरबराने ‘लगेच’ पुसले. कागद जुना, थोडा फाटला. मग पेन्सिल हातात तशीच धरून त्याने विचारले, “कोणासोबत, आबा?” मी म्हणालो, “ओवी पुन्हा म्हण.” तो म्हणू लागला, आणि पलीकडच्या दोन म्हाताऱ्यांनीही आपल्या पोथ्या उघडून तीच ओवी लावून धरली.